एकाच पत्रकाची तीन सालं

सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. आमच्याकडची हस्तलिखित मासिकं, नाटकांची हस्तपत्रकं, सभांची इतिवृत्तं, जुने फोटो आणि खोतीच्या काळातले काही कागद आम्ही दोन वर्षं खपून स्कॅन केले. एकूण ४१२ नग झाले. शहरातल्या एका कॉलेजने त्यांच्या डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या डिजिटल भांडारात जागा दिली आणि सांगितलं की एकेक चढवत बसू नका, फाइली आणि मेटाडेटाची, म्हणजे प्रत्येक नगाच्या माहितीची, शीट एकदम पाठवा, आम्ही घाऊक अपलोड करू. पहिल्या खेपेला काम १३८ नगांनंतर अडकलं. दुरुस्त्या करून सगळं पुन्हा पाठवलं, तर ते १३८ दोनदा दिसायला लागले. कितीतरी शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. शिमग्यातल्या नाटकाच्या एका पत्रकावर ‘शके १८४९, फाल्गुन’ असं छापलंय. दाखलखात्यात कुणीतरी १९२७ लिहून ठेवलंय, मी शीटमध्ये १-३-२८ भरलं आणि भांडारात ते २०२८ सालचं दिसतंय! अध्यक्षांना गणपतीत चाकरमानी आले की उद्घाटन करायचंय. मुंबईचा भाचा म्हणतो, एआयला दे, एका संध्याकाळी होईल. मी आता एकेक नग हाताने भरायला घेऊ का?
— गोंधळलेली ग्रंथपाल

ताई,

आधी हात थांबवा. एकेक नग भरायला घेऊ नका आणि दुरुस्त केलेली शीट तिसऱ्यांदा पाठवूही नका. तुमच्या पत्रात चार-पाच निरनिराळी दुखणी आहेत. त्यातलं ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलात ते सगळ्यात सोपं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ते दोनदा दिसणारे १३८ नग. डीस्पेसमध्ये घाऊक आयात करताना मॅपफाइल नावाची एक साधी मजकुराची फाइल तयार होते. कुठल्या फोल्डरमधला नग भांडारात कुठल्या क्रमांकाने बसला त्याची ती यादी, एका ओळीत एक. ही घाऊक कामाची पावती समजा. ती हाताशी असली तर त्या खेपेत चढलेले सगळे नग एका आज्ञेत काढून टाकता येतात, आणि काम मध्येच अडकलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. तुमच्या बाबतीत ‘पुढे चालू’च्या ऐवजी ‘पहिल्यापासून’ झालं, एवढंच. कॉलेजमध्ये हे काम जो बघतो त्याला फोन करा आणि दोन्ही खेपांच्या मॅपफाइली आहेत का विचारा. असल्या तर दोन्ही खेपा काढायला सांगा. हो, दोन्ही. दुसऱ्या खेपेतही प्रश्नचिन्हंच आहेत, ती राखून काय करायचंय? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंका फिरल्या असतील तर त्या मरतील. उद्घाटनानंतर मरण्यापेक्षा आत्ता मेलेल्या बऱ्या. मॅपफाइली नसल्या तर त्या माणसाला शोधशोधून काढत बसावं लागेल, तेव्हा गोड बोला. आणि इथून पुढे प्रत्येक खेपेची मॅपफाइल तुमच्या पेनड्राइव्हवरही मागून घ्या.

आता मूळ मुद्दा. तुम्ही देवगडच्या, तेव्हा तुम्हाला पेटी कशी भरतात ते मी काय सांगणार. आधी आंबा वजनाप्रमाणे निवडतात, मग पेटीत बसवतात, किती डझन ते ठरतं, वर बागेचं मार्किंग पडतं आणि मग पेटी गाडीत जाते. वाशीला पेटी उघडणारा माणूस तुम्हाला विचारायला येत नाही. घाऊक अपलोडचंही तसंच आहे. डीस्पेसला लागते ती पेटी अशी: प्रत्येक नगाचा एक फोल्डर, त्यात त्या नगाच्या फाइली, एक ‘कन्टेन्ट्स’ नावाची फाइल ज्यात आत काय काय आहे त्याची चिठ्ठी, आणि एक ‘डब्लिन कोअर’ नावाची एक्सएमएल फाइल ज्यात नोंद. (हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. १९९५ साली तिथे बैठक भरली आणि पुढे शीर्षक, कर्ता, तारीख वगैरे १५ रकान्यांवर मंडळींचं एकमत झालं.) ही फोल्डरं हाताने बनवायची नसतात. तुमच्या शीटवरून ती बनवून देणारी अवजारं आहेत, सॅफबिल्डर हे त्यातलं एक. त्याला सीएसव्ही शीट (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) द्यायची, एका रकान्यात फाइलींची नावं, बाकीच्यात नोंद. एका रकान्यात दोन किंमती असल्या, म्हणजे दोन लेखक किंवा दोन फाइली, तर मध्ये दोन उभ्या रेघा. स्वल्पविराम नाही. स्वल्पविराम दिलात तर दोन लेखकांचा एक लांबलचक माणूस तयार होतो.

मग अडकलं कुठे? मला तुमची शीट दिसत नाही, पण १३९वा फोल्डर उघडून बघा. विंडोजवर कुणी नोटपॅडमध्ये कन्टेन्ट्स फाइल हाताने दुरुस्त करून सेव्ह केली असेल तर तिला गुपचूप ‘टीएक्सटी’ शेपूट लागतं, आणि विंडोज ते शेपूट दाखवतही नाही. तुम्हाला फाइल समोर दिसते, यंत्र म्हणतं फाइलच नाही. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलींची शेपटं दाखवायला लावा, हे पहिलं काम. दुसरी शक्यता अशी की शीटमध्ये ‘जेपीजी’ लहान अक्षरांत आणि फाइलीवर मोठ्या अक्षरांत. विंडोजला दोन्ही सारखंच. कॉलेजचा सर्व्हर बहुधा लिनक्सवर असणार आणि त्याला ती दोन वेगळी नावं. तिसरी शक्यता, नोंदीत कुठेतरी ‘आणि कंपनी’साठी ते वेटोळं अँडचिन्ह हाताने टाकलंय. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला खास अर्थ आहे, ते तसंच लिहिलं की फाइल मोडते. सॅफबिल्डर हे सांभाळून घेतो, हाताने लिहिणारा माणूस विसरतो.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवली असाल तर बदला. माझा जीव मराठीवर आहे, पण फाइलीचं नाव ही मराठी मिरवायची जागा नव्हे. मॅकवरून विंडोजवर, तिथून झिपमध्ये, मग लिनक्सवर, एवढ्या प्रवासात देवनागरी नावाचं कुठेतरी कडबोळं होतंच. लहान रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि आडवी रेघ एवढंच वापरा. दाखल क्रमांक, मग पान क्रमांक, दोन्ही शून्य भरून: ००४१-००२. शून्य भरली नाहीत तर पान १० हे पान २ च्या आधी येतं आणि मासिकाची पानं पिसल्या पत्त्यांसारखी दिसतात. नावात शीर्षक, साल, गाव काही कोंबू नका. ते सगळं बदलू शकतं, दाखल क्रमांक बदलत नाही.

प्रश्नचिन्हांबद्दल. एक्सेलमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना नुसती ‘सीएसव्ही’ आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ अशा दोन ओळी असतात. तुम्ही पहिली निवडलीत. तिच्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडलं. वाईट बातमी अशी की त्या सीएसव्हीतली अक्षरं खरोखर गेलीत, फॉन्ट बदलून परत येणार नाहीत. चांगली बातमी अशी की मूळ एक्सेल फाइल तुमच्याकडे असणार. तिच्यातून नव्याने काढा. हे एकदा ओळखायला शिका, जन्मभर उपयोगी पडेल: प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर मेला. डोक्यावर टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर मजकूर जिवंत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरांची ओळ दिसली तर कुणीतरी ते जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी वगैरेत, टाइप केलेलं आहे आणि आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यायला हवं. रूपांतरानंतर एकदा डोळ्याखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार तिथेच घात करतात.

आता तुमचं ते पत्रक, ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं. एका कागदाला तीन सालं लागली, आणि तिन्ही कशी लागली ते सांगता येतं. दाखलखातं लिहिणाऱ्याने शके १८४९ मध्ये ७८ मिळवले, १९२७ आलं. पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. माघ-फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तेव्हा ७९ मिळवायचे. म्हणजे १९२८. पौष मध्ये सापडतो, कधी डिसेंबर कधी जानेवारी, तिथे पंचांगच बघावं लागतं. तुम्ही १९२८ बरोबर काढलंत. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती, तेव्हा शिमग्याच्या नाटकाला मार्चही बरोबर. पण मग तुम्ही साल दोन आकड्यांत लिहिलंत. एक्सेलचा हिशेब असा की ०० ते २९ म्हणजे दोन हजारानंतरची सालं आणि ३० ते ९९ म्हणजे एकोणीसशेतली. म्हणून २८ चं २०२८ झालं. गंमत म्हणजे पत्रक दोन वर्षांनी छापलं असतं तर बरोबर दिसलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आणि ती ‘१’ तारीख कुठून आली, ताई? पत्रकावर ती नाही. रकाना पुरा दिसावा म्हणून तुम्ही भरलीत. मी तुमच्यावर रागावत नाही, मीही हेच करत असे. पण ५० वर्षांनी कुणी संशोधक लिहील की या गावात १ मार्च १९२८ ला नाटक झालं, आणि त्याच्या पुस्तकाखाली तुमच्या वाचनालयाचं नाव असेल. तारखेचा रकाना यंत्रासाठी आहे; त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ, आणि जेवढं ठाऊक आहे तेवढंच. १९२८-०३. इथे मी देवनागरी आकडे छापतेय, रकान्यात मात्र इंग्रजीच घाला. महिनाही ठाऊक नसेल तर नुसतं साल. सालही ठाऊक नसेल तर रकाना रिकामा, आणि वर्णनात एक वाक्य: ‘तारीख नाही, कागद व छपाईवरून अंदाजे १९२०-३०.’ रिकाम्या रकान्याची लाज वाटू देऊ नका. याच वर्णनात मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवा: ‘शके १८४९, फाल्गुन’. उद्या कुणाला तुमचं गणित तपासायचं असेल तर तपासता येईल.

एवढी एकच सवय लावून घ्या, बाकी मी काही सांगितलं नाही तरी चालेल. कागदावर काय लिहिलंय ते एका रकान्यात, तुम्हाला काय ठाऊक आहे ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही एकत्र कालवू नका.

जाता जाता एक्सेलची आणखी एक खोड. १९०० च्या आधीच्या तारखा त्याला तारखा म्हणून कळतच नाहीत, तो त्या मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच रकान्यात १८९८ ची नोंद एका रूपात आणि १९०३ ची दुसऱ्या. उपाय सोपा: काहीही भरण्याआधी अख्ख्या शीटचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. दाखल क्रमांकाच्या पुढची शून्यंही त्याने वाचतात. आधीच भरून झालं असेल तर फॉरमॅट नुसता बदलून जुनी तारीख परत येत नाही, ते रकाने पुन्हा भरावे लागतील. लिब्रेऑफिस मला जास्त आवडतं, ते उघडताना आणि सेव्ह करताना निदान विचारतं तरी. ‘ॲक्सेशन्ड’ आणि ‘अव्हेलेबल’ या दोन तारखांच्या रकान्यांना हात लावू नका, त्या डीस्पेस स्वतः भरतं. आणि स्कॅन केल्याची तारीख म्हणजे फोटो काढल्याची तारीख नव्हे, हे तुमच्या मदतीला आलेल्या मुलांना एकदा समजावून सांगा.

मासिकांच्या शीर्षकांत तुम्हाला जुनं शुद्धलेखन भेटेल: ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’. १९६२ चे नियम येण्याआधीचे अनुस्वार. मुलं ते ‘दुरुस्त’ करतात. करू देऊ नका. शीर्षक कागदावर आहे तसं ठेवा आणि आजच्या लेखनातलं रूप ‘पर्यायी शीर्षक’ या रकान्यात द्या, म्हणजे ‘गाव’ शोधणाऱ्यालाही सापडेल. याच्यापेक्षा छुपा घोटाळा आणखी एक आहे, आणि मला तो कळायला बरीच वर्षं लागली. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो खालच्या टिंबाच्या ‘ऱ’पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच, तो एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र टाकूनही. कोकणातल्या वाचनालयात ‘किनाऱ्यावर’ शोधून अर्धेच नग सापडले तर काय म्हणायचं! शीट पुरी झाली की शोधा-बदला वापरून एकच रूप राखा. ओपनरिफाइन नावाचं एक मोफत अवजार आहे, ते एका रकान्यातल्या सगळ्या वेगवेगळ्या किंमती एकाखाली एक मांडून दाखवतं. तिथे ‘सारखे’ दोन शब्द शेजारी-शेजारी दिसले की समजायचं, हाच तो.

गावांची नावंही तिथेच उघडी पडतात. वेंगुर्ला की वेंगुर्ले, हर्णै की हर्णे, मिठबाव की मिठबांव. एक रूप ठरवा, कागदावर लिहा, टेबलाच्या काचेखाली सरकवा. जिल्ह्याच्या बाबतीत मात्र थोडं थांबा. तुमच्या १९२८ च्या पत्रकावर ‘जि. रत्नागिरी’ असणार आणि ते बरोबरच आहे, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. स्थळाच्या रकान्यात आजचा जिल्हा द्या, नाहीतर नकाशावर शोधणाऱ्याला देवगड रत्नागिरीत दिसेल. छापलेला जिल्हा वर्णनात जाऊ द्या. सावंतवाडीकडचे कागद असले तर तिथे १९४८ पर्यंत संस्थान होतं, हेही लक्षात असू द्या. माणसांच्या नावांना हेच लागू: आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. ‘रा. रा.’, ‘कै.’, ‘सौ.’ हे कर्त्याच्या रकान्यात नको. एकच गृहस्थ तीन अंकांत तीन नावांनी लिहीत असतील, आणि गावात सगळ्यांना ते ठाऊक असेल, तर एक रूप कर्त्याच्या रकान्यात आणि टोपणनाव वर्णनात.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा होता, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तो कुणी विचारलाच नाही. नग म्हणजे काय? ४१२ हा आकडा कुठून आला? हस्तलिखित मासिकाचा अंक एक नग, हे उघड आहे. ६४ पानांचे ६४ नग केले असतील तर वेड लागायची पाळी. पत्रकाच्या दोन बाजू म्हणजे एक नग, दोन फाइली. इतिवृत्ताची वही एक नग. प्रत्येक सभा वेगळी करायचा मोह होईल, पण तेवढं मनुष्यबळ आपल्याकडे नाही, सभांच्या तारखा आणि मुख्य ठराव वर्णनात दिले तरी पुरे. फोटोंच्या अल्बमवरून मी स्वतः दोनदा मत बदललंय. पूर्वी अख्खा अल्बम एक नग करत असे, कारण फोटोंचा क्रम महत्त्वाचा. आता प्रत्येक फोटो वेगळा करते आणि ‘अल्बम ३, पान ७’ असं त्यात नोंदवते, कारण माणसं अल्बम शोधत येत नाहीत, आजोबांना शोधत येतात. तुमच्या दाराशी येणारा वाचक काय मागेल, ते मनात धरून नग पाडा. नग बदलले की फोल्डर बदलतात, क्रमांक बदलतात, सगळंच बदलतं. म्हणून हे आधी.

फाइलींच्या दर्जाबद्दल फार बोलत नाही. मूळ स्कॅन टिफमध्ये जपून ठेवा, वाचकांना पीडीएफ द्या, शक्यतो पीडीएफ-ए प्रकारची, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठी असते ती. टिफ भांडारात चढवायची का, ते कॉलेजला विचारा; जागा त्यांची आहे.

खोतीच्या कागदांशी मात्र जरा थांबते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, भांडणं गेली नाहीत. तुम्ही गावात राहता, मी नाही, तेव्हा तुम्हाला जास्त कळतं. पण कुळांची नावं, जमिनीचे वाटे, कर्जाची बाकी असे कागद कुणाला न विचारता जगापुढे ठेवायचे का, हे मंडळाच्या सभेत ठरू द्या आणि तसा ठराव इतिवृत्तात येऊ द्या. मानपानाचे कागद असले तर आणखी जपून. पालखी आधी कुणाच्या दारात जाते हे सिद्ध करणारा जुना कागद तुम्ही गणपतीत अपलोड केलात, तर पुढच्या शिमग्याला तुमच्याच वाचनालयासमोर राडा होईल, आणि मग त्याचंही इतिवृत्त तुम्हालाच लिहावं लागेल. अशा नगांची नोंद चढवा, फाइल रोखून ठेवा. डीस्पेसमध्ये तशी सोय आहे, कॉलेजला सांगा. छापील मजकुराचं बघायचं तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. मासिकात लिहिणारी माणसं गावचीच. त्यांच्या घरी जाऊन एका कागदावर सही घ्या, चहा मिळेलच. परवानगी आहे की नाही यासाठी शीटमध्ये एक स्वतंत्र रकाना ठेवा, आणि तो एकाही ओळीत रिकामा सोडू नका.

भाचा म्हणतो ते अगदीच चुकीचं नाही. छापील मराठी मजकूर वाचून शीर्षकाचा पहिला मसुदा काढायला, रकान्यांतली विसंगती शोधायला एआय मदत करेल. पण त्याला रिकामा रकाना बघवत नाही. तारीख नसली तर तो छानशी तारीख देतो, तुमच्या त्या ‘१’सारखी. म्हणून एआयने भरलेलं सगळं वेगळ्या रंगात ठेवा आणि माणसाने बघितल्याशिवाय रंग काढू नका. मोडी कागद त्याच्याकडे देऊ नका, मोडी वाचणारं माणूस शोधा.

पाठवण्याचं म्हणाल तर गावच्या नेटवर गिगाबाइटच्या गिगाबाइट चढवत बसण्यापेक्षा हार्ड डिस्क घेऊन एसटीत बसलेलं बरं. फक्त निघण्याआधी प्रत्येक फाइलीचा चेकसम काढून यादी सोबत द्या. चेकसम म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसा. तिकडे उतरवल्यावर ठसे जुळले तर वाटेत काही बिघडलं नाही. स्कॅन केलेल्या फोल्डरांत ‘थम्ब्स’ नावाच्या लपलेल्या फाइली विंडोजने टाकल्या असतील, त्या आधी झाडून काढा. आणि घरी एक प्रत ठेवा, वाचनालयापासून लांब, पाण्याच्या वर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा पहिला मजला सुरक्षित असतो असं समजणाऱ्यांचं काय झालं, ते आठवा. डिस्कच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आषाढात आपल्याकडे कागदाला बुरशी येते तशी डिस्कच्या जोडणीलाही गंज चढतो.

एक माझी गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी ६०० नगांची शीट केली, स्वतः, मोठ्या हौसेने. शेवटच्या दिवशी शीर्षकं अकारविल्हे लावावीत म्हणून एक रकाना निवडला आणि सॉर्ट दाबलं. एक्सेलने विचारलं, शेजारचे रकानेही सोबत घेऊ का? मी घाईत ‘नको’ म्हटलं. शीर्षकं हलली, फाइली जागच्या जागी. यंत्राने काही तक्रार केली नाही, कारण एकही फोल्डर मोडका नव्हता. सगळं सुरळीत चढलं. तिसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला: बाई, ‘माशांचे प्रकार’ उघडलं तर आतून सत्यनारायणाची पोथी निघतेय.

तेव्हापासून मी आधी १० नगांची चाचणी घेतल्याशिवाय कुठलीही खेप पाठवत नाही. तुम्हीही तेच करा. मुद्दाम अवघड १० निवडा: एक शक वर्षाचं पत्रक, एक तारीख नसलेलं, एक दोन लेखकांचं, एक ‘किनाऱ्यावर’वालं, एक १९०० च्या आधीचं, एक ६४ पानी अंक, एक अँडचिन्हाचं, एक फोटो, एक रोखून ठेवायचा खोती कागद, आणि एक अगदी साधं. डीस्पेसच्या आयातीत नुसती चाचणी घ्यायची सोय असते, प्रत्यक्ष काही चढत नाही. कॉलेजला आधी तेवढी घ्यायला सांगा. मग ते १० खरंच चढवा, मोबाइलवर उघडा, शोधून बघा, आईला शोधायला सांगा. जे बिघडेल ते १० ठिकाणी दुरुस्त करा. मग ५०, आणि मग उरलेले.

गणपतीपर्यंत ४१२ होणार नाहीत, आणि हे अध्यक्षांना तुम्हीच सांगायचंय. पण ६० नीट झालेले नग दाखवून उद्घाटन खुशाल करा. आणि त्याच दिवशी चाकरमान्यांकडून काम करून घ्या. नावं नसलेले फोटो मोठे छापून, खाली क्रमांक टाकून टेबलावर मांडा आणि शेजारी एक वही ठेवा. फोटोत कोण आहे ते तेच सांगतील, कारण ज्यांना ओळखता येतं ती म्हातारी माणसं वर्षातून तेवढ्याच दिवसांत गावी असतात. वहीत क्रमांक, नाव, आणि सांगणाऱ्याचं नावही लिहून घ्या. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, टेबलापाशी निवाडा करत बसू नका. मूळ फोटो मात्र कपाटात कुलूप लावून ठेवा. त्या दिवशी गावात प्रत्येकाच्या बोटांना मोदकाचं तूप लागलेलं असतं.